हंगेरियन उपपद हाताने लिहू नका

लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत हंगेरियन मजकूर जुळवताना आकृतीच्या क्रमांकाआधीचे ‘अ’ किंवा ‘अझ’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) हाताने लिहिले, तर मध्ये एखादी आकृती वाढताच ते चुकते. कारण चारचा हंगेरियन शब्द व्यंजनाने सुरू होतो म्हणून ‘अ ४.’, पण पाचचा स्वराने, म्हणून ‘अझ ५.’. मुद्रितशोधनात ही चूक हमखास निसटते.

१. निरनिराळ्या भाषांचे नियम पुरवणाऱ्या बेबेल पॅकेजला ‘मॅग्यार’ (हंगेरियन) हा पर्याय द्यावा.
२. नुसता क्रमांक छापणाऱ्या ‘रेफ’ऐवजी ‘एरेफ’ ही आज्ञा वापरावी, म्हणजे क्रमांक पाहून योग्य उपपद तीच छापते. वाक्याच्या आरंभी तिचा ‘ए’ मोठ्या (कॅपिटल) लिपीतला घ्यावा. पृष्ठक्रमांकासाठी ‘एपेजरेफ’ आहे.

आकृती हलवल्यावर फाइल दोनदा चालवावी, अन्यथा उपपद जुन्याच क्रमांकाचे राहते.