मोहाखाली जाळू नका, झाडून घ्या

लाखोळी-जवस घरात आलं, पळस पेटल्यासारखा फुलला, की पूर्व विदर्भातल्या गावांना मोहाच्या फुलांचे वेध लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर पहाटे घरं रिकामी असतात आणि झाडाखाली टोपल्या. वनविभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो. त्या हंगामातल्या कितीतरी आगी सुरू होतात त्या मोहाच्या बुंध्याशी, फुलं वेचायला पाला जाळताना, नाहीतर बिडीची पानं देणाऱ्या तेंदूच्या झुडपाशी. म्हणून हा सल्ला मोह पडायच्या आधी वाचायचा आहे. नंतर वाचून उपयोग नाही.

जंगलतोड म्हटलं की कुऱ्हाड आठवते, रात्रीचा ट्रक आठवतो. तेही आहेच. पण दरवर्षी जमिनीलगत सरकत जाणारी आग मोठं झाड लगेच पाडत नाही, ती रोपटी मारते. आपल्या शिवारातले मोह एकदा मोजून बघा. आज्याच्या काळातले किती, आणि मनगटाएवढ्या जाडीचे किती? बऱ्याच गावांत दुसरा आकडा शून्यावर येतो. फुलं आपण वेचतो, नंतर तेलासाठी टोळ, म्हणजे मोहाचं फळ-बी, तीही वेचतो. त्यातून चुकून उगवलेलं रोप आगीत जातं, आगीतून वाचलंच तर बकरी खाते. जुनी झाडं एकेक करून पडतील तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नसेल. कुऱ्हाड न लावता तुटलेलं जंगल म्हणायचं ते हेच.

लोक का जाळतात, हे ज्याला कळत नाही त्यानं सल्ले देऊ नयेत. पानगळीत फूल दिसत नाही. पाल्यात साप असतो. आणि आता तर पहाटेच्या अंधारात वाकून वेचताना वाघाचं भय असतं, मोकळी जमीन असली की जरा धीर येतो. ही कारणं खोटी नाहीत. पण मोकळी जमीन खराट्यानंही होते.

पद्धत अशी. मोह पडायला लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडाच्या घेरापेक्षा दोन हात जास्त अशी गोल जागा खराट्यानं किंवा दाताळ्यानं झाडून घ्या. पाला तिथेच ढीग करून ठेवू नका. पोत्यात भरून बांधीवर नाहीतर खताच्या खड्ड्यात न्या, तो कुजला की धानाला खत. नंतर रोज पहाटे हलका हात फिरवला की पुरे. ज्यांची झाडं घराजवळ किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आहेत त्यांनी जुनी लुगडी शिवून, नाहीतर हिरवी शेडनेट जमिनीपासून गुडघाभर उंच बांधावी. मी एका आजीबाईंकडे हे पाहिलं. चार जुन्या साड्या टाचून त्यांनी झाडाखाली झोळीच केली होती. उजाडल्यावर सावकाश यायच्या, मधला खड्डा टोपलीत उलटा करायच्या, झालं. शेजारच्या झाडाखाली सून वाकून वेचत होती, तिच्या टोपलीत राख, माती आणि काड्या. वाळवल्यावर दोन्ही ढीग शेजारी ठेवले तेव्हा व्यापाऱ्याला काही सांगावं लागलं नाही. आजीबाईंचा मोह तांबूस, स्वच्छ, सुनेचा काळपट. (सासू-सुनेत त्यावरून काय झालं ते इथे लिहीत नाही.)

वाळवायलाही जमिनीऐवजी बांबूचा तट्टा वापरा, खालून हवा लागते आणि बुरशी कमी येते.

जळत्या मोहाचं आणखी एक नुकसान आहे. जुन्या झाडाच्या बुंध्याशी एका बाजूला काळी खोबण दिसते ना, ती दरवर्षीच्या आगीची. साल जळते, आतलं लाकूड उघडं पडतं, वाळवी शिरते, पुढच्या वर्षी आग आणखी आत जाते. एक दिवस वादळात ते झाड नेमकं त्या बाजूनं मोडतं. आपण वाऱ्याला दोष देतो.

वेचताना एकट्यानं जाऊ नका, नीट उजाडल्यावरच वाका, सोबतचा एक माणूस उभा राहून आजूबाजूला बघत राहू द्या.

आता तेंदू. नवी कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून झुडपांवरून आग फिरवतात, कारण ती फुकट पडते. त्याऐवजी बूटकटाई करा: फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत झुडूप धारदार विळ्यानं जमिनीलगत कापा, साधारण दीड महिन्यात नवे फुटवे तोडायला येतात. मजुरी लागते, खरं आहे. पण ही मजुरी ठेकेदाराच्या अंगावर टाकायची जागा आहे लिलावाचा करार. जिथे ग्रामसभा स्वतः तेंदू विकते, तिथे करारात दोन ओळी घाला: बूटकटाईचा खर्च खरेदीदाराचा, आणि त्याच्या माणसांनी आग लावल्याचं दिसलं तर अनामत जप्त. सत्तर पानांचा पुडा मोजताना आपण एकेका पानासाठी भांडतो, करार वाचताना मात्र अंगठा आधी उठतो.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं याच्याही पुढे जाऊन तेंदू तोडणं बंद केलं. फांद्या छाटणं आणि आग, या दोन्हींनी जंगल खराब होतं असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्याकडे सामूहिक वनहक्काचा, म्हणजे साऱ्या गावाला मिळून हक्क मिळालेल्या जंगलातला, बांबू होता, म्हणून ते परवडलं. प्रत्येक गावाला तसं जमणार नाही, पण करार नीट लिहिणं कुणालाही जमेल.

सामूहिक वनहक्काची गोष्ट निघालीच आहे, तर २००६ चा वनहक्क कायदा फक्त वनोपज विकायला नाही. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा अधिकारही त्यातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क मिळाला. त्यानंतर देशभर त्या गावाचं नाव झालं, पण जंगलाचे नियम ग्रामसभेत बसून सर्वसहमतीनं ठरवायची सवय त्यांना आधीपासूनची. ज्या गावांना हक्क मिळून दहा वर्षं झाली आणि ज्यांची वन व्यवस्थापन समिती फक्त कागदावर आहे, त्यांनी या महिन्यात निदान एक ग्रामसभा फक्त आगीवर घ्यावी. कोणत्या बाजूनं दरवर्षी आग येते हे गावाला माहीत असतंच. त्या बाजूला आग अडवायला दहा-बारा फूट रुंद मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढा. गवत आधी कापा, मग वनरक्षकाला सोबत घेऊन सकाळी वारा नसताना कापलेलं गवत जाळा. दुपारी बारानंतर काडी नाही म्हणजे नाही. जवळच्या वनकार्यालयात पाला उडवायचा ब्लोअर असेल तर मागून घ्या, कोसभर रेषा एका दिवसात साफ होते.

पाळीची राखण बसवायची तर ओडिशातल्या गावांची ठेंगापाळी उचलण्यासारखी आहे. ज्याच्या दारात काठी, त्याची आज जंगलाची फेरी. फिरून आला की काठी शेजारच्या दारात टेकवायची. वहीत नाव लिहा, सही घ्या, याची गरजच नाही.

आग लागलीच तर १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि वनरक्षकाला कळवा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि ज्यांना त्या जंगलात हक्क आहेत त्यांनी आग कळवणं व विझवायला मदत करणं हेही त्याच कायद्यात लिहिलंय. विझवायला जाताना अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन अंगाला चिकटतं. ऐनाच्या किंवा पळसाच्या ओल्या फांद्यांनी झोडपा, कडेकडेनं. चढावर आग माणसापेक्षा जोरात धावते, तिच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका.

शेतातलं थोडक्यात. धुरा जाळू नका, तिथूनच ठिणगी जंगलात जाते. तणस जनावरांना ठेवा. सरपणाला वाळलेलंच घ्या आणि धुऱ्यावर बांबू, ग्लिरिसिडिया लावा, म्हणजे चार वर्षांनी बायकांची जंगलाची पायपीट कमी होईल. होळीला ओलं झाड कुणी आणत असेल तर गावाची एकच होळी ठरवा. तणस-गोवऱ्यांनीही ती तेवढीच पेटते. मालकीच्या शेतातला मोह, साग, आंबा, बिजा हे तोडायलाही १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. रोख पैसे दाखवून "कागद आम्ही बघतो" म्हणणारा लाकूडवाला दारात आला तर त्याला कागद आधी आणायला सांगा. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला वेगळा कायदा आहे, वनविभागातूनच करा.

शेवटचं काम जूनचं, पण आत्ताच ठरवून ठेवा. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण संपते. त्यामुळे टोळ फोडून तेलाला न्यायच्या आधी, चांगल्या गोड फुलांच्या आणि दरवर्षी फळणाऱ्या झाडाची पन्नास टोळ बाजूला काढा. पहिला पाऊस मुरला की धुऱ्यावर नाहीतर पडीक कोपऱ्यात लगेच टोचा. पिशवीतच वाढवायची असतील तर पिशवी खोल घ्या, मोहाचं मूळ सरळ खाली जातं. प्रत्येक रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करा, बकऱ्यांसाठी. आणि पुढच्या फाल्गुनात मोठ्या झाडाखाली खराटा फिरवायच्या आधी या रोपांभोवतीचा पाला ओढून घ्या.