रानफुलांची गणती करताय? या चुका टाळा

जंगलातल्या एखाद्या रानफुलाची वस्ती टिकून आहे की घटतेय, हे ठरवताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो फक्त फुलं मोजल्यामुळे. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पानगळीच्या जंगलांतलं पांढरं ट्रिलियम घ्या. त्याचं बी पुरतं उगवायला दोन हिवाळे लागतात: पहिल्यानंतर मूळ फुटतं, दुसऱ्यानंतर पान वर येतं. मग काही वर्षं एकच पान, नंतर तीन पानं पण फूल नाही. पहिलं फूल दिसेपर्यंत ७ ते १० वर्षं सहज जातात. त्यानंतर मात्र ते रोप कित्येक दशकं जगू शकतं. म्हणजे डोळे दिपवणाऱ्या बहरात नवी पिढी अजिबात नाही, असंही असू शकतं. वहीत एकपानी, तीनपानी आणि फुललेली असे तीन रकाने ठेवा. एकपानी रकाना वर्षानुवर्षं रिकामा राहिला, तर ती वस्ती म्हातारी होत चालली आहे.

उलटीही फसगत होते. फुलं एकाएकी कमी झाली म्हणून रोपं मेली असं धरू नका. हरणाने खुडलेलं ट्रिलियम जमिनीतल्या खोडातल्या साठ्यावर तगतं आणि पुढच्या वर्षी लहानखुरं, बिनफुलाचं उगवतं. पांढऱ्या शेपटीची हरणं उंच, फुललेली रोपं आधी खातात. त्यामुळे फुललेल्या रोपांची सरासरी उंची दरवर्षी उतरत असेल, तर पहिला संशय हरणांवर घ्या. खात्री हवी असेल तर थोड्या जागेला कुंपण घालून आतबाहेरची तुलना करा. एका वर्षात निकाल मागू नका; खंगलेलं रोप सावरायला वेळ घेतं.

‘इथे फूल नाही, म्हणजे जागा वाईट’ हा निष्कर्षही घाईचा. ट्रिलियमचं बी मुख्यतः मुंग्या वाहून नेतात आणि त्यांची धाव काही मीटरची. कधीतरी हरणाच्या पोटातून बी लांब जातं, पण तो नशिबाचा भाग. शेती सोडून दिल्यावर वाढलेल्या जंगलात सगळं काही अनुकूल असूनही हे फूल नसतं, कारण ते तिथवर पोचलेलंच नसतं.

उन्हाबद्दल थोडक्यात: भर उन्हाळ्यात उजेड मोजून ‘याला सावलीच लागते’ असं लिहू नका. झाडांना पालवी फुटण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत मिळणारं ऊन याच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा असतं.

आणि गांडुळं. शेतकऱ्याचा मित्र म्हणून आपण त्यांना इतकं डोक्यावर घेतलंय की इकडे कुणाचं लक्षच जात नाही. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या भागांत मूळची गांडुळं नव्हती; आजची बहुतेक युरोपातून आणि काही आशियातून आलेली आहेत. ती पालापाचोळ्याचा जाड थर फस्त करतात आणि कोवळ्या रोपांचा ओलावा व आडोसा जातो. पाचोळा नाहीसा, माती उघडी आणि वर दाणेदार विष्ठा दिसली, तर मोहरीची पूड पाण्यात कालवून एका छोट्या चौकटीत ओता. गांडुळं वर येतात, मोजता येतात. एकदा स्थिरावलेली गांडुळं जंगलातून काढायचा व्यवहार्य उपाय नाही, म्हणून मासेमारीच्या आमिषातली उरलेली गांडुळं तिथे टाकू नका.