मावळतीचा केशरी फोटोत पिवळा पडू नये म्हणून

सूर्यास्ताचा फोटो फिका आला की ‘सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढव’ म्हणणाऱ्यांचं ऐकून मी दोन वर्षं वाया घालवली. कॅमेऱ्यात जो रंग आलाच नाही, तो नंतर वाढवणार कुठून?

जागा तुम्हाला माहीत असेलच. माझी ठरलेली म्हणजे रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना लागणारी आरे-वारेची पुळण. दिवस मात्र ढगांचा निवडा. पाऊस सरतानाचे, उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग सगळ्यात चांगले. निरभ्र आकाश डोळ्यांना छान, फोटोत रिकामं. फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारा. व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळी-निळी झाक ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर न्या, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विन. ऑटोला केशरी छटा ही चूक वाटते आणि निळा मिसळून तो ती पुसायला बघतो.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते. इथेच मी तोंडावर आपटलो होतो. अंधारात स्क्रीनवर झकास दिसलेले फोटो घरी उघडले, तर प्रत्येकात सूर्याभोवती हळद सांडल्यासारखा सपाट पिवळा डाग. हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड किती ते दाखवणारा आलेख) तर नीट होता! पण मी बघत होतो तो पांढरा, एकत्र हिस्टोग्राम. मावळतीच्या आकाशात लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची वेगळी नोंद, सगळ्यात आधी भरतो. तो आलेखाच्या उजव्या भिंतीला टेकल्यावरही हिरवा वाढतच राहतो आणि लाल-हिरव्याचं प्रमाण बिघडून केशरीचा पिवळा होतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि फक्त लालाकडे बघा. तो उजव्या कडेला चिकटला की एक्स्पोजर कमी करा. मला बहुतेक वेळा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली यावं लागतं. सूर्याचं बिंब स्वतः जळालं तर जळू द्या, त्याच्या शेजारचं आकाश वाचवा. आणखी एक गोम: हा आलेख रॉवरून नाही, कॅमेऱ्याने रंग चढवून बनवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे पिक्चर स्टाइल (ते रंग ठरवणारी सेटिंग) ‘व्हिव्हिड’ म्हणजे भडक असेल तर तो खोटं बोलतो. न्यूट्रल ठेवा. मोबाइलवर काढत असाल तर सूर्याशेजारच्या ढगावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड खाली ओढा.

एवढं केल्यावर खालचा कातळ काळा पडेल. पडू दे. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणारी सोय) लावून दगडन् दगड उजळवलेले फोटो मला भर दुपारचे वाटतात. काळ्या आकृत्या एकमेकींना चिकटू देऊ नका, एवढंच. होडीचा नाळेकडचा भाग मागच्या डोंगरात मिसळला की होडी संपली. दोन पावलं सरकलात तर मध्ये उजेडाची फट मिळते.

क्षितिज सरळ हवं आणि मधोमध नको. ढग रंगले असतील तर क्षितिज खाली घ्या. आकाश रिकामं असेल तर वर घ्या, कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणा आणि लाट नुकतीच परतलेली ओली वाळू चौकटीत भरा. वरचा सगळा रंग तिच्यात उतरतो.

सूर्य बुडाला की पार्किंगमध्ये गाड्या सुरू होतात. तुम्ही थांबा. ढगांच्या पोटाला खरा लाल रंग बऱ्याचदा त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो. उजेड कमी झाल्यामुळे शटर तोवर सेकंदभर उघडं ठेवावं लागतं, कॅमेरा हलून चालत नाही आणि लाट आली की ट्रायपॉडचा पाय वाळूत खचतो. तो आधीच दाबून खोल रोवून ठेवा.