निळा डाग

मे महिना, दुपारचे दोन, आणि सळई जमिनीत घुसेना. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी पुणे जिल्ह्यातल्या एका कचरा डेपोच्या खालच्या अंगाला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करत होते, म्हणजे सळया (इलेक्ट्रोड) ठोकून जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती रोध करते ते मोजायचं. कोरडा मुरूम वीज घेतच नाही. मग प्रत्येक इलेक्ट्रोडच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचं, थांबायचं, संपर्क पुन्हा तपासायचा. निम्मा दिवस यातच जातो, आधीच सांगून ठेवते.

तत्त्व सोपं आहे. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लीचेट, क्षारांनी भरलेलं असतं. त्यातून वीज सहज वाहते. कठीण कातळाच्या रोधाचा आकडा शेकडो ओहम-मीटर, लीचेट मुरलेल्या भागाचा बहुधा दहाच्या खाली. 48 इलेक्ट्रोड पाच-पाच मीटरवर ठोकले की 235 मीटरची ओळ होते आणि साधारण चाळीस मीटर खोलीपर्यंतचं चित्र मिळतं.

माझ्या पहिल्याच चित्रात मधोमध गडद निळा डाग, म्हणजे कमी रोधाचा भाग. 'सापडलं' म्हणून मी रात्रीच सरांना फोटो पाठवला! सकाळी शेताचे मालक बांधावर येऊन म्हणाले, "ताई, तिथं आमचं जुनं तळं होतं, गाळानं बुजलं. नासलीय ती विहीर पलीकडं. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही."

चिकट काळ्या गाळाचा आकडाही दहाच्या आत येतो. दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर, म्हणजे बोल, तोही असाच फसवतो. यंत्र रोध मोजतं, प्रदूषण नाही. तेव्हा आधी ईसी मीटर (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र) घेऊन आसपासच्या विहिरी फिरा, एक ओळ डेपोच्या वरच्या, स्वच्छ अंगाला घ्या, मगच डागांना नावं द्या. यंत्रात सोय असेल तर इंड्यूस्ड पोलरायझेशनही, म्हणजे वीज बंद केल्यावर जमिनीत भार किती टिकतो तेही मोजा: चिकणमाती भार धरून ठेवते, खारं पाणी फारसं धरत नाही.

शेतमालक काकांची विहीर खरंच नासलेली होती, आणि तिच्या शेजारची ठीक. बेसॉल्टमध्ये पाणी भेगा-सांध्यांतून वाट काढतं, सगळीकडे सारखं पसरत नाही. म्हणून आम्ही पुढची ओळ भेगेला आडवी टाकली. तिथे अरुंद, उभा निळा पट्टा आला. या वेळी फोटो पाठवण्याआधी विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला.

मुंबईतल्या देवनारला मात्र हेही पुरत नाही. 1927 पासूनचं ते डंपिंग ग्राउंड ठाणे खाडीच्या काठाला. खाडीचं पाणी आणि लीचेट, चित्रात दोन्ही निळेच.