ग्रेहाउंड शर्यतीचं समालोचन: अर्ध्या मिनिटाची तयारी

ऑस्ट्रेलियात ग्रेहाउंडच्या शर्यतीत बहुतेक वेळा 8 कुत्रे असतात आणि 500 मीटर अर्ध्या मिनिटात संपतात. कागदाकडे बघायला वेळच नसतो. म्हणून कुत्रे सुरुवातीच्या पेटीत जाण्याआधीच प्रत्येकाच्या अंगावरच्या नंबरी जॅकेटचा रंग आणि नावाची जोडी मोठ्याने घोका: 1 लाल, 2 काळे-पांढरे पट्टे, 3 पांढरा, 4 निळा, 5 पिवळा, 6 हिरवा, 7 काळा, 8 गुलाबी. दिव्यांच्या उजेडात, लांबून, 2 आणि 7 मध्ये गल्लत होते. ती जोडी दोनदा म्हणा. ब्रिटनमध्ये कुत्रे 6, आणि तिथे काळा 4 नंबरचा. पाठांतर नव्याने करा.

पहिल्या वळणावर धडका होतात. तिथे आठही नावं घेऊ नका. पुढचे तीन आणि कोण अडकला, एवढंच सांगा.

आता बरंच काम मैदानावरून नाही, दूरच्या स्टुडिओत पडद्यावर बघून होतं. दुर्बीण गेली, नजर कॅमेऱ्याच्या हाती आली. तिरक्या कोनातून मागचा कुत्राही पुढे भासू शकतो. चुरस असेल तर विजेता जाहीर न करता निकाल शेवटच्या रेषेवरच्या फोटोवर सोडा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर जीभ अडखळते, तो आधी बंद करून घ्या. दोन शर्यतींमध्ये कोमट पाणी प्या. एकाच पाळीत दोन मैदानं अंगावर आली, तर मधल्या वेळेचा आग्रह धराच. पाठांतर तिथेच कोसळतं.