दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसं सांभाळून व्हेंटिलेटर कसा लावायचा

भूल द्यायला नव्याने लागलेल्यांनो, आधी पेशंटची उंची मोजा. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवा, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतो, माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. पित्ताशयासाठी आलेली बाई ८० किलोची आहे पण उंची १५२ सेंटीमीटर, मग हिशोबाचं वजन साधारण ४५ किलोच, किलोला ६ ते ८ मिली धरले तर २७० ते ३६० मिली पुरतात, ८० वर हिशोब केलात तर ६४० वर जाल आणि ते तिच्यासाठी फार जास्त आहे. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेलं प्रेशर, ५ (सेंटीमीटर पाणी) पासून सुरू करा, शून्य नको.

पोटात गॅस (कार्बन डायऑक्साइड) भरला की डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर ढकलला जातो नि एअरवे प्रेशर चढतं. आधी दोन्ही बाजूंना स्टेथो लावा, कॅरिना (श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात ती जागा) वर सरकते त्यामुळे श्वासाची ट्यूब उजव्या फाट्यात शिरू शकते. मग प्लॅटू प्रेशरमधून (श्वास आत घेऊन क्षणभर थांबवल्यावर दिसतं ते) पीप वजा करा, हे ड्रायव्हिंग प्रेशर, शक्यतो १५ च्या आत. पीप २ ने वाढवून बघा, ड्रायव्हिंग प्रेशरचा आकडा उतरला तर फुप्फुस उघडतंय, चढला तर नुसतं ताणलं जातंय, लगेच मागे या. बीपीवर डोळा ठेवाच.

कार्बन डायऑक्साइड वाढणारच, तो पोटातून रक्तात शोषला जातो. तेव्हा व्हॉल्यूम नाही, रेट वाढवा, मिनिटाला १२ श्वासांचे १६ करा, फक्त श्वास सोडताना फ्लोचा ग्राफ शून्यावर येतोय ना बघा, नाहीतर हवा आत साठते.

प्रेशर कंट्रोलवर (मशीन व्हॉल्यूम नाही, प्रेशर ठरवून श्वास देतं) असाल तर पोटातला गॅस बाहेर सोडताक्षणी व्हॉल्यूम एकदम वाढतो, तेव्हा हात नॉबवरच हवा.