आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, ट्रकची रेस लावायचीय? आधी क्लास ठरवा, मग गाडी घ्या

टेक्सासमधल्या आमच्या मातीच्या ट्रॅकवर रेसच्या दिवशी मी गाड्या तपासायच्या टेबलावर बसतो. एखादा बाबा मुलाला घेऊन येतो, हातात खोक्यातून नुकताच काढलेला ट्रक, आणि विचारतो, "हा कुठल्या क्लासमध्ये धावेल?" पुष्कळदा त्या ट्रकच्या जोडीला धावायला दुसरा ट्रकच नसतो. बहुतेक ट्रॅकवर किमान तीन गाड्या जमल्या तरच क्लास, म्हणजे सारख्या गाड्यांचा गट, भरवतात. पोराचा चेहरा पडलेला बघवत नाही. म्हणून सांगतो, खरेदीआधी एकदा रिकाम्या हाताने ट्रॅकवर या आणि कुठल्या क्लासला किती नावं पडतात ते बघा. जिथे गर्दी, तोच तुमचा क्लास.

क्लास पाडताना आधी गाडीचा आकार आणि प्रकार बघतात. एकास दहा प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आकारात, मुख्य प्रकार दोन. स्टेडियम ट्रकची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात, गाडी हलकी आणि चपळ. शॉर्ट कोर्स ट्रकची बॉडी चाकांना झाकून घेते, पुढेमागे बंपर असतात, त्यामुळे धक्काबुक्की सोसते. २००८ मध्ये ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश हा ट्रक आला आणि हा प्रकार घरोघरी पोचला. त्याहून मोठी एकास आठची ट्रगी, चारही चाकांवर ताकद, ३.५ सीसीचं नायट्रो इंजिन किंवा बॅटरी. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. टायर, बॅटऱ्या, सुटे भाग, सगळंच महाग पडतं.

मग टू-व्हील की फोर-व्हील, म्हणजे ताकद दोन चाकांना की चारही, आणि शेवटी मोटर. ब्रशलेस, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेल्या, मोटरवर १७.५, १३.५ असे आकडे असतात. ते तारेच्या वेढ्यांचे. वेढे कमी, तितकी मोटर जास्त पळते. 'स्टॉक' क्लासमध्ये वेढ्यांचा आकडा ठरलेला असतो आणि स्पीड कंट्रोलरमधून मोटर आणखी पळवणारं जादा टायमिंग देता येत नाही. जादा टायमिंग बंद असलं की कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो, म्हणून या क्लासला सगळे 'ब्लिंकी' म्हणतात. 'मॉडिफाइड'मध्ये मोटर कुठलीही चालते. अमेरिकेत १९६७ पासून रोअर ही संघटना नियमावली काढते, पण स्थानिक ट्रॅक त्यात आपापले बदल करतात. तेव्हा तुमच्या ट्रॅकचे नियम वाचा.

माझं ठाम मत: पहिली गाडी 'स्पेक स्लॅश'साठीच घ्या. टू-व्हील स्लॅश, कंपनीची १२ वेढ्यांची ब्रश मोटर, सगळ्यांना सारखीच. तिथे पैशाने वेग विकत घेता येत नाही. वळणावर थ्रॉटल कधी सोडायचा, उडीनंतर गाडी सपाट कशी उतरवायची, हे हाताला तिथेच कळतं.

रेसच्या दिवशी नोंदणी करा, फी भरा, ट्रान्सपाँडरचा, म्हणजे गाडीत बसवलेल्या ओळखीच्या चिपचा, नंबर द्या. फिनिशच्या तारेवरून गाडी गेली की त्यावरून संगणक लॅप मोजतो. टेबलावर आम्ही मोटर आणि बॅटरी बघतो. दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्टच्या वर चार्ज केलेली नको, आणि चार्जिंग नेहमी लायपोच्या आगरोधक पिशवीतच.

आधी क्वालिफायर, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या, होतात, साधारण पाच मिनिटांचे. वेळ संपली तरी सुरू असलेला लॅप पुरा करायचा असतो. समजा, एकाचा लॅप २१ सेकंदांचा, पण तो तीनदा उलटला आणि दर वेळी आठ सेकंद गेले. त्याचे १४ लॅप ५ मिनिटं १८ सेकंदांत होतील. दुसरा न पडता २२.५ सेकंदांचे लॅप मारत राहिला तर त्याचे १४ लॅप ५:१५ मध्येच होतात, आणि तो पुढे लागतो. मुलांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवतो. मग त्यानुसार ए मेन, बी मेन असे अंतिम गट पडतात. बऱ्याच ठिकाणी बी मेन जिंकणाऱ्याला ए मेनमध्ये शेवटून जागा मिळते.

घरून निघण्याआधी गिअर नीट बसवा. पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) आणि स्पर (त्याला लागून फिरणारा मोठा गिअर) यांच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर दातांच्या घड्या स्पष्ट उठल्या पाहिजेत, पण ती फाटलेली नको. फाटली तर गिअर फार घट्ट आहे. पट्टी काढल्यावर स्पर बोटाने हलवून बघा, किंचित खटका लागला पाहिजे. ब्रशलेस मोटर लावली असेल तर रेस संपताच इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. १६० फॅरनहाइटच्या वर जात असेल तर एक दात कमी असलेला पिनियन लावा.

आणि तुमची रेस संपली की गाडी टेबलावर ठेवा आणि लगेच ट्रॅकवर जाऊन मार्शलिंगला उभे राहा. पुढच्या रेसमध्ये उलटलेल्या गाड्या सरळ करणं हे प्रत्येकाचं काम आहे. ते टाळलं तर पुष्कळ ट्रॅकवर तुमचा एखादा निकाल कापतात. पायात बंद बूट हवेत. गाडी उचलण्याआधी दोन्ही बाजूंनी कोण येतंय ते बघा, ती येत्या गाड्यांच्या वाटेत न सोडता रेषेबाहेर ठेवा, आणि मोबाइल खिशातच राहू द्या.